नकाशातली माया

सांगवानमावशीला नकाशा कळतो, हे सुआन माक गल्लीत पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आता कोणी कबूल करणार नाही. पण विहाराच्या मंडपात शहराचा नवा आराखडा लावला त्या दिवशी अख्खी गल्ली तिच्या मागे उभी होती, आणि ती चष्मा नाकावर सरकवून, हात पाठीशी बांधून नकाशाची तपासणी करत होती. लोकांचा तरी काय दोष? गल्लीतल्या प्रत्येकाचे कपडे तिने बेतलेले. कागदावरच्या रेघांतून माणसाच्या मापाची वस्तू उभी करायची, हा तिचा जन्माचा धंदा. शिवाय कोण कुठल्या वारी जन्मलं हे तिला तोंडपाठ, कारण परीक्षेला, मुलाखतीला, लग्नाला घालायचा रंग वारावरून ठरतो आणि तो तिला विचारल्याशिवाय इथे कोणी ठरवत नाही. नकाशात असतात रेघा आणि रंग. दोन्ही तिच्या हातातले. मग नगररचना कार्यालयातल्या लोकांना कशाला त्रास द्यायचा, असं सगळ्यांना वाटलं.

जुन्या नकाशात गल्ली पिवळी होती, नव्यात नारिंगी झाली होती. मावशीने निकाल दिला की आपण सोमवारचे होतो, आता गुरुवारचे झालो. गुरुवार विद्येचा, पोरं शिकतील, गल्लीचं भलं होईल. ती स्वतः गुरुवारची, हे कोणाच्या नजरेतून सुटलं नाही, पण भल्याच्या गोष्टीत खुसपट कोण काढणार? किराणा दुकानदार बुनचुआय गल्लीचा अध्यक्ष म्हणून मिरवतो. त्याने त्याच संध्याकाळी दुकानावर नारिंगी ताडपत्री चढवली. कुठला रंग म्हणजे काय, हे नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ते कोणी वाचलं नाही. लहानपणापासून जे ठाऊक आहे ते पुन्हा वाचत बसण्याइतका वेळ कोणाला होता?

एकट्या थविन मास्तरांनी शंका काढली. मास्तर शाळेच्या बँडचे निवृत्त शिक्षक आणि मावशीचे भिंतीपलीकडचे शेजारी. ते म्हणाले, "बाई, ही तुटक लाल रेघ माझ्या घरावरून गेलीय. मी सोमवारचा, मला लाल वर्ज्य. हे काय असेल?"

मावशीने वाकून पाहिलं. नदीकडून दोन तुटक लाल रेघा जोडीने निघाल्या होत्या आणि गल्ली ओलांडून मास्तरांच्या घराच्या बरोबर छातीवरून पलीकडे गेल्या होत्या. तिने क्षणभरही विचार केला नाही.

"मास्तर, अख्खी रेघ म्हणजे कात्री. तुटक रेघ म्हणजे टीप. तुटक रेघेवर कोणी कापत नाही. निवांत झोपा."

मास्तर निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी उत्तरेहून, चिआंग मायहून, त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की नव्या पुलाला जोडणारा रस्ता त्याच भागातून जाणार आहे. मास्तर त्याला म्हणाले, तसलं काही नाही, बाईंनी बघितलंय, ती टीप आहे. मुलाला काही कळलं नाही. पण बापाशी वाद घालून काय मिळतं हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. आई गेल्यापासून तो मास्तरांना आपल्याकडे बोलावत होता, आणि मास्तरांनी एकदाच काय ते ठरवून सांगितलं होतं: घर उभं आहे तोवर मी इथे. घर राहिलं नाही, तर एक शब्द न बोलता तुझ्याकडे येईन. मास्तर दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस, हे मुलाला ठाऊक होतं. मावशीलाही ठाऊक होतं, आणि गोष्टीतली खरी अडचण तीच आहे.

दोघांच्या घरांमधली भिंत कमरेएवढी. सकाळी आठला भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं की मास्तर असतील तिथे ताठ उभे राहतात, मग अंगावर नुसता चौकड्यांचा पंचा का असेना. मावशी तोंड फिरवून हसते. संध्याकाळी ते ट्रम्पेट वाजवतात तेव्हा ती मशीन थांबवून ओरडते की इथे माणसं राहतात. आणि एखाद्या संध्याकाळी ट्रम्पेट वाजलं नाही, तर टाचा उंचावून भिंतीपलीकडे बघते. इकडून आमटीची वाटी जाते, तिकडून मिरच्या येतात, लिंबं येतात, कधी नुसतीच तक्रार येते की आमटीत मीठ कमी होतं. ती विधवा, ते विधुर. गल्लीने दोघांना चिडवून बघितलं, काही निष्पन्न होईना म्हणून कंटाळून सोडून दिलं. मावशीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, शेजारी आहेत, आणखी काय. पण शेजारी हा शब्द ती जरा जपून उच्चारायची.

आराखड्यावर हरकती घ्यायची मुदत संपत आली, तरी सुआन माक गल्लीतून एकही हरकत गेली नव्हती. माहितीच्या बैठकीलाही कोणी फिरकलं नव्हतं, कारण त्याच दिवशी बुनचुआयच्या ताडपत्रीच्या निमित्ताने जेवण होतं. शेवटी नगररचना कार्यालयातून एक मुलगी स्वतःच आली. केसिनी तिचं नाव. हातात नकाशाची गुंडाळी, घामाने चिकटलेले केस, आणि स्कर्टची पट्टी एका बाजूने उसवून लोंबत होती. मावशीला उसवलेलं बघवत नाही. तिने मुलीला बर्फ घातलेला चहा दिला, स्टुलावर उभं केलं आणि सुई घेऊन तिच्या पायाशी बसली.

केसिनी उभ्या उभ्याच बोलू लागली. गल्लीने काहीच कळवलं नाही याचं तिला नवल वाटत होतं. मावशी म्हणाली, आम्हाला नारिंगी पसंत आहे. मुलगी आधी हसली, मग गोंधळली. मावशीचा खुलासा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग अगदी हळू, दुखऱ्या जागेवर हात ठेवावा तशी, तिने समजावलं. या रंगांना वार नसतात. पिवळा म्हणजे विरळ, बैठी घरं. नारिंगी म्हणजे दाटी, उंच इमारतींना मुभा. म्हणून आधी कोपऱ्यातली चौकट वाचायची, मग जुना नकाशा नव्याशेजारी धरायचा आणि काय बदललं ते बघायचं, आणि मग विचारायचं की का बदललं.

"का बदललं?" मावशीने दोरा तोडत विचारलं.

"मावशी, तुमच्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं. इथे उंच इमारत कोण बांधू देईल? मोठा रस्ता येणार म्हणून नारिंगी आला. रंग रस्त्याच्या मागून आलाय." आणि तिने गुंडाळी उलगडून बोट ठेवलं. "हा रस्ता. अख्खी रेघ म्हणजे जो रस्ता आत्ता आहे तो. तुटक म्हणजे जो अजून नाही, पण येणार आहे."

मावशीने सुई टोचून ठेवली आणि विचारलं, म्हणजे तुटक रेघेवर कापतात?

"कापतात ते तुटक रेघेवरच," केसिनी म्हणाली. तिने पुढे आणखी सांगितलं की हा वीस वर्षांचा आराखडा आहे, रस्ता लवकर येईल किंवा कधीच येणार नाही. पण एकदा आराखडा पक्का झाला की रेघ पुसणं फार कठीण. आत्ता मात्र सगळं कच्चं आहे. परवा मंडपात सुनावणी आहे, तिथे येऊन बोला. मावशीने मान डोलावली. स्कर्टची पट्टी तिने तिरकी शिवली होती, हे तिला मुलगी गेल्यावर लक्षात आलं.

ती वाटी घेऊन भिंतीशी गेली. वाटीत काय होतं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मास्तर ट्रम्पेट पुसत बसले होते. तिने वाटी भिंतीवर ठेवली, आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं: टीप नव्हती, कात्रीच होती, मी चुकले, आणि माझ्यामुळे तुम्ही गप्प बसलात.

मास्तरांनी ट्रम्पेट खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही चुकलात हे तुमच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. आणि ऐकलं ते नेमकं आज." ते हसले, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. त्यांनी सांगितलं की मुलाला आज फोन करतो. घर आज ना उद्या जायचंच असेल तर जीव टांगणीला लावून राहण्यात काय अर्थ आहे? रोज त्या रेघेखाली झोपायचं, रोज छताकडे बघायचं, त्यापेक्षा धडधाकट आहे तोवर गेलेलं बरं.

मावशी भडकली. शब्द घर पडल्यावरचा आहे, घर अजून उभं आहे, असं तिने सुनावलं. परवा सुनावणीला या म्हणाली. मास्तर येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. फक्त वाटी उचलून आत गेले. ती भिंतीशी उभी राहिली. या भिंतीपलीकडे अनोळखी अंधार असेल, किंवा रस्त्यावरचे दिवे असतील, आणि आमटीत मीठ कमी पडलं हे सांगायला कोणी नसेल, याची तिला भीती वाटली. सरळ, साधी भीती. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच इतकी घाबरली होती.

घाबरली की ती कामाला लागते. तिने बेतायचा खाकी कागद काखेत मारला आणि घरोघरी गेली. तोंडघशी पडल्यावर लोक काय बोलतील ते तिला माहीत होतं, आणि लोकांनी तिला निराश केलं नाही. बुनचुआय म्हणाला, मावशी, मग माझ्या बायकोचा लग्नातला ब्लाउज तुम्ही कुठल्या रेघेवर कापला होता? मावशी म्हणाली, तो ब्लाउज तिला अजून होतो, तुला तुझी पँट होते का ते बघ. आणि मग खाकी कागद पसरून तिने त्यांना सांगितलं की आराखडा म्हणजे कापड नव्हे, कागद आहे. सुनावणी म्हणजे ट्रायल. अंगावर चढवून बघायचं आणि कुठे आवळतं, कुठे टोचतं ते तिथल्या तिथे बोलायचं. कापड फाडल्यावर बोंब मारून उपयोग नाही. हे मात्र सगळ्यांना पटकन कळलं. ट्रायलला गप्प बसलेलं गिऱ्हाईक अजून कोणी पाहिलेलं नाही. लोकांनी आपापलं घर नकाशात शोधलं, जुना नकाशा नव्याशेजारी धरला, कोपऱ्यातली चौकट मोठ्याने वाचून घेतली. बुनचुआयने ताडपत्री उतरवली आणि दुपारचं ऊन लागायला लागलं म्हणून पुन्हा चढवली.

सुनावणीला मंडप भरला. भिंतीवर मोठा नकाशा, समोर केसिनी आणि तिचे दोन साहेब, मध्ये ध्वनिक्षेपक. मास्तर कुठे दिसत नव्हते. गल्लीतली माणसं एकेक करून उठली, कोणी पुराच्या पाण्याचं बोललं, कोणी सावलीचं. मग मावशी उठली.

ती म्हणाली, "थविन मास्तरांच्या घरावरची रेघ हलवा. आणि एक सांगते, तुम्ही हा रस्ता आखलात त्यात माया सोडलेली नाही. आम्ही साधा परकर शिवतो तरी शिवणीत बोटभर माया ठेवतो, माणूस कमी-जास्त होतं म्हणून. तुमची रेघ थेट माणसाच्या हाडाला लागलीय."

साहेबांनी लिहून घेतलं. केसिनीने नकाशाकडे बघितलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की पश्चिमेला विहाराची भिंत आहे, तिकडे सरकायला जागा नाही. सरकली तर रेघ पूर्वेलाच सरकेल. तिने नकाशावर टेकवलेली काठी थोडी हलवली, आणि काठीचं टोक ज्या घरावर थांबलं ते घर मंडपातल्या प्रत्येकाला ओळखू आलं. ते सांगवानमावशीचं होतं.

मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ज्या खोलीत तिचं मशीन होतं, ती खोली काठीच्या टोकाखाली दिसेनाशी झाली होती.

"चालेल," ती म्हणाली.

"माझी हरकत आहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. मास्तर पायऱ्यांपाशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, उन्हातून चालत आल्याने लाल झालेले. ते सरळ ध्वनिक्षेपकापाशी आले. साहेबांनी विचारलं, कशाला हरकत? मास्तर म्हणाले, रेघ हलवायला. ती माझ्या घरावर आहे तिथेच बरी आहे. मावशी म्हणाली, मास्तर, तुम्ही खाली बसा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. मास्तर म्हणाले, तुम्हाला किती कळतं ते सगळ्या गल्लीने बघितलं. ध्वनिक्षेपक दोघांच्या मध्ये होता, त्यामुळे हे सगळं विहाराच्या मागच्या तळ्यापर्यंत ऐकू गेलं. साहेबांनी आजवर ‘माझ्या घरावरून रस्ता नको’ म्हणणारी माणसं खूप पाहिली होती. ‘माझ्याच घरावरून न्या’ म्हणून भांडणारी दोन माणसं त्यांच्या नोकरीत पहिलीच असावीत.

अध्यक्ष या नात्याने बुनचुआय मध्ये पडला. तो म्हणाला, रस्ता जरा अरुंद करा आणि दोघांच्या मधल्या भिंतीवरून न्या. दोघांचे ओटे जातील, घरं राहतील. केसिनीने पट्टी लावून मोजलं, साहेबांशी बोलली, आणि तिचा चेहरा उजळला. हे जमण्यासारखं होतं.

"नाही," मावशी आणि मास्तर एकदमच म्हणाले.

मंडपात हशा पिकला, पण ते दोघं हसत नव्हते. केसिनीने विचारलं, दोन्ही घरं वाचतायत, मग हरकत कसली? कारण लिहावं लागेल. मावशीला बोलायचं होतं, पण गल्लीसमोर ते शब्द तिच्या तोंडून निघेनात. तेव्हा मास्तरांनी ध्वनिक्षेपक स्वतःकडे वळवला.

"रस्त्यापलीकडचा तो शेजारी नव्हे, तो समोरचा. आणि आधीच्या हरकतीचं कारणही लिहून घ्या. माझं घर गेलं तर मी मुलाकडे जाईन. यांचं गेलं तर या कुठे जातील ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही अशा जागी त्यांनी जाऊ नये."

कोणी हसलं नाही. मोठ्या साहेबांनी लेखणी हातात धरून विचारलं की हे सरकारी भाषेत कसं लिहायचं. केसिनी म्हणाली, मी लिहिते. तिने लिहिलेलं वाचून दाखवलं: हरकतदारांना शेजार हवा आहे. मग तिने दोघांनाही सांगितलं की तिन्ही हरकती वर जातील, कदाचित जुन्या भातगिरणीच्या बाजूने रस्ता नेता येतो का ते बघतील, कदाचित नाही. निकालाला वर्ष तरी लागेल, आणि ती कसलंही वचन देऊ शकत नाही. मावशीने तिला उरलेल्या आयुष्यात कधीही ये म्हणून सांगितलं, आणि येताना तो स्कर्ट घेऊन ये म्हणाली.

घरी जाताना दोघं गल्लीतून चालत होते. गल्ली अरुंद, त्यामुळे शेजारी-शेजारी चाललं की खांदे लागतात. एरवी मावशी पुढे आणि मास्तर मागे असे जायचे. आज कोणीच मागे राहिलं नाही. तिने मुलाचा विषय काढला. फोन केलात का, असं विचारताना तिने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मास्तर म्हणाले, नाही केला. परवाच करणार होतो, पण काय सांगायचं ते ठरेना. आता मंडपात उभ्या उभ्या ठरलं.

"काय ठरलं?"

मास्तर थांबले. बँडसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला सुरुवात करण्याआधी श्वास घ्यायची सवय असते, तसा त्यांनी घेतला.

"बाई, रस्ता माझ्या घरावरून गेला तर तुमचं राहतं. तुमच्या घरावरून गेला तर माझं राहतं. त्यांनी रेघ कुठेही मारू दे, दोघांना एक घर उरतंच."

एक मोटारसायकल आली, तिला वाट द्यायला दोघं भिंतीला टेकून उभे राहिले, आणि ती निघून गेल्यावरही तसेच राहिले.

"ट्रम्पेट अंगणात वाजवायचं," ती म्हणाली. "घरात चालणार नाही."

मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि मुलाचा नंबर लावला.